सर्वांनी एकच एडिटर वापरावा का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका मराठी शुद्धलेखन तपासनिसाच्या एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या समन्वयक आहेत. प्रकल्प पायथनमध्ये लिहिलेला असून अकरा जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून त्यावर काम करतात. सहा जणांकडे विंडोज, तिघांकडे लिनक्स आणि दोघांकडे मॅक आहे. विंडोजवाल्यांपैकी दोन विद्यार्थ्यांचे लॅपटॉप चार जीबी रॅमचे आहेत. गेल्या सहा महिन्यांत तीन तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या. शब्दयादीत एक शब्द दुरुस्त केला तरी अख्खी फाइल बदललेली दिसते. चाचण्या एकाच्या मशीनवर पास होतात आणि दुसऱ्याच्या मशीनवर नापास. नव्याने आलेल्या एका विद्यार्थिनीचे दोन शनिवार-रविवार केवळ सेटअपमध्ये गेले आणि त्यानंतर ती फिरकलीच नाही. यावर उपाय म्हणून सर्वांनी व्हीएस कोड हाच एडिटर (कोड लिहिण्याचा प्रोग्राम) वापरावा आणि काम डॉकर कंटेनरमध्येच (सर्व साधने आधीच बसवलेल्या बंदिस्त लिनक्स पेटीत) करावे, असा लेखिकेचा प्रस्ताव आहे. वीस वर्षे ईमॅक्स हा जुना एडिटर वापरणाऱ्या एका ज्येष्ठ सदस्याने 'मग मी थांबतो' असे कळवले आहे, तर काहींना सगळे काम क्लाउडवर न्यावेसे वाटते. पुढच्या आठवड्यात मतदान आहे. कोणत्या पर्यायाच्या बाजूने उभे राहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुम्ही 'सगळ्यांचा सेटअप एकसारखा हवा' असे लिहिता आणि पुढच्याच वाक्यात एका एडिटरचे नाव घेता. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तुमचा प्रश्न अडकला आहे, असे मला वाटते. सेटअप एकसारखा हवा, हे मला मान्य आहे. तो एडिटरपासून सुरू होतो, हे मात्र तुम्ही गृहीत धरले आहे. तेव्हा पर्यायांकडे वळण्याआधी तुमच्या तक्रारी एकेक करून पाहू, कारण त्या सोडवण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

पहिली तक्रार, एका शब्दाच्या दुरुस्तीने संपूर्ण फाइल बदललेली दिसण्याची. विंडोजवर ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, लिनक्स आणि मॅकवर एकाच चिन्हाने. विंडोजवरच्या कोणीतरी फाइल जतन करताना प्रत्येक ओळीचा शेवट बदलला गेला आणि फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने प्रामाणिकपणे तसे सांगितले, एवढेच घडले आहे. एडिटर सक्तीचा केला तरी हे थांबेलच असे नाही, कारण एकच एडिटर वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळ्या प्रकारे ओळ संपवू शकतो आणि स्वतः गिटही विंडोजवर आपल्या सेटिंगप्रमाणे ओळींची टोके बदलते. याचा इलाज रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या सामाईक फाइलसाठ्याच्या, मुळाशी ठेवलेल्या 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' नावाच्या छोट्या फाइलमध्ये आहे. सर्व मजकूर-फाइलींच्या ओळी 'एलएफ'नेच, म्हणजे त्या एकाच चिन्हाने, संपतील, असे तिथे एकदा लिहून ठेवले की कोण कशात टाइप करतो याला महत्त्व उरत नाही.

दुसऱ्या तक्रारीत माझ्या अंदाजाने तीन वेगळे दोष एकत्र मिसळले आहेत, आणि तुमचा प्रकल्प मराठीचा असल्यामुळे ते नीट उलगडून पाहण्यासारखे आहेत.

पहिला दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे बाइटांच्या आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीचा. तुमच्या विंडोजवाल्या सदस्यांना पायथनकडून 'कॅरॅक्टर मॅप'च्या नावाने एक त्रुटी दिसत असेल आणि तिच्यात 8डी या बाइटचा उल्लेख असेल, अशी मी पैज लावायला तयार आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथन विंडोजवर तिथले जुने कोडपेज (अक्षरांचा तक्ता) वापरतो, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुधा 1252 क्रमांकाचे असते. आपला हलन्त यूटीएफ-8 या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडिंगमध्ये तीन बाइटांचा असतो आणि त्यातला शेवटचा बाइट नेमका 8डी आहे. 1252 मध्ये त्या जागी कोणतेच अक्षर नेमलेले नाही. म्हणजे 'कमळ' आणि 'पाणी' निमूटपणे वाचले जातात, अर्थात चुकीचे; आणि 'शब्द' हा शब्द आला की प्रोग्राम कोसळतो. पायथन 3.15 पासून यूटीएफ-8 हेच मूळ एन्कोडिंग ठरवण्यात आले आहे, पण तोवर आणि जुन्या आवृत्त्यांवर प्रत्येक ठिकाणी फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहिणे हाच खरा उपाय आहे. तुमच्या कंटेनरमध्ये लिनक्स असल्यामुळे तिथे ही त्रुटी दिसणार नाही, हे खरे. परंतु तुमचा तपासनीस ज्या शाळामास्तरांच्या विंडोज संगणकावर चालायचा आहे, तिथे ती दिसेल. असा दोष कंटेनरने फक्त झाकला जातो.

दुसरा दोष वर्णक्रमाचा असावा. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो; आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो. शब्दयादी क्रमाने लावताना तुमचा प्रोग्राम मशीनच्या लोकेलला (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगला) विचारत असेल, तर उत्तर मशीनगणिक बदलेल, आणि मराठी लोकेल बसवलेलेच नसेल तर ते युनिकोडच्या तक्त्याप्रमाणे येईल. हा गोंधळ केवळ आपल्या भाषेचा नाही. 2018 मध्ये लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीच्या 2.28 या आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला, तेव्हा पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांना आपले इंडेक्स (शोधसूची) नव्याने बांधावे लागले, कारण डेटाबेसने क्रम ठरवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवले होते. तुमचा वर्णक्रम तुमच्या प्रोग्राममध्येच लिहिलेला असू द्या. मशीनला तो विचारूच नका.

तिसरा दोष मला सर्वांत रंजक वाटतो. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र संगणकावर तीन प्रकारांनी लिहिता येतो: 'ऱ' हे एकसंध अक्षर आणि हलन्त घेऊन, साधा 'र', त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त घेऊन, किंवा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक घेऊन. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते तीन निराळे शब्द आहेत. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात, तिसरा होत नाही. त्याचा नियम तुम्हाला स्वतः लिहावा लागेल. आता मला सांगा, सर्वांना व्हीएस कोड देऊन हा दोष जाईल का? कीबोर्ड ऑपरेटिंग सिस्टीमचा असतो. कंटेनर आत चालतो आणि टाइप करणारी बोटे बाहेर असतात. शब्दयादीत येणारा प्रत्येक शब्द कमिटपूर्वी (गिटमध्ये बदल नोंदवण्याआधी) एकाच रूपात आणणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, की कोणी कोणत्याही कीबोर्डवर लिहावे.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. दोन तक्रारींमागे चार दोष निघाले, आणि त्यांपैकी एकही एडिटर बदलल्याने जाणारा नाही.

राहिली तिसरी तक्रार, त्या विद्यार्थिनीची. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती एका ओळीत लिहिली आहे. तिच्यासाठी कंटेनर हा आकर्षक पर्याय वाटतो, कारण एकदा प्रतिमा (कंटेनरचा साचा) तयार झाली की पायथनची आवृत्ती, लायब्रऱ्या, लोकेल सगळे त्यात बसवलेले मिळते. कंटेनरच्या विरोधात मी नाही. पण विंडोजवर डॉकर सहसा डब्ल्यूएसएल-2 या लिनक्सच्या थरावर चालतो आणि तो थर, वेगळे सांगितले नाही तर, मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत हात पसरू शकतो. चार जीबीच्या लॅपटॉपवर त्यानंतर विंडोज, एडिटर आणि ब्राउझरसाठी काय उरते, याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय फाइली विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवून लिनक्सच्या बाजूने वाचल्या तर काम इतके रेंगाळते की नवख्या माणसाला आपलेच काहीतरी चुकत आहे असे वाटू लागते. मॅकवाल्या दोघांकडे 2020 नंतरचे एआरएम प्रोसेसरचे मशीन असेल, तर त्यांच्यासाठी प्रतिमाही वेगळी बांधावी लागेल. एवढे सगळे एका पायथन प्रकल्पासाठी, ज्याला एक व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रकल्पापुरता पायथनचा वेगळा कप्पा) आणि एक लॉक फाइल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) पुरली असती.

आणखी एक बारकावा मुक्तस्रोताच्या तत्त्वाशी निगडित आहे. व्हीएस कोडचा मूळ सोर्स एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण आपण डाउनलोड करतो ती तयार प्रत मायक्रोसॉफ्टच्या स्वतंत्र परवान्याखाली येते, आणि कंटेनरला जोडणारे अधिकृत एक्स्टेन्शन तर खुलेच नाही. व्हीएसकोडियम या खुल्या प्रतीत ते वापरण्याची परवानगी नाही. डेव्ह कंटेनरचा आराखडा आणि त्याचे कमांड लाइन साधन मात्र खुले आहे, त्यामुळे कंटेनरची व्याख्या रिपॉझिटरीत ठेवून ती कोणत्याही एडिटरशिवाय चालवता येते. तुमच्या ज्येष्ठ सदस्याचा आक्षेप केवळ सवयीतून आला आहे, असे समजू नका. त्याला हेच म्हणायचे असण्याची शक्यता आहे.

क्लाउडवाल्यांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. दुबळ्या लॅपटॉपवाल्यांना त्यातून खरेच आधार मिळतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या कोडस्पेसेसमध्ये (ब्राउझरमधून वापरता येणाऱ्या क्लाउड-मशीनांत) वैयक्तिक खात्याला महिन्याला 120 कोअर-तास विनामूल्य मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या सर्वांत लहान मशीनवर साठ तास. शनिवार-रविवार काम करणाऱ्याला ते भरपूर झाले. मात्र त्याला सतत चालणारे इंटरनेट लागते. शिवाय बराच काळ न उघडलेली कोडस्पेस आपोआप पुसली जाते, तेव्हा पुश न केलेले (सामाईक रिपॉझिटरीत न पाठवलेले) कामही तिच्याबरोबर जाते. परीक्षेच्या महिनाभरानंतर परतणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी कोणी सांगितलेले नसते. कार्यशाळेसाठी, पहिल्या दिवसासाठी हा मार्ग जरूर ठेवा. एकमेव मार्ग म्हणून नको, कारण दुसऱ्याने फुकट दिलेल्या सोयीवर संपूर्ण प्रकल्प उभा केला की ती सोय काढून घेण्याचा दिवसही तोच दुसरा ठरवतो. लिनक्स कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, 2002 पासून कोडमधले बदल सांभाळण्यासाठी बिटकीपर हे बंदिस्त साधन वापरले. एप्रिल 2005 मध्ये त्याची विनामूल्य वापराची सवलत संपली आणि लिनस टोरवाल्ड्सला घाईघाईने गिट लिहायला बसावे लागले. त्या निर्णयाला सरसकट मूर्खपणा म्हणता येणार नाही, कारण वितरित पद्धतीने काम करण्याची सवय कर्नेलच्या लोकांना बिटकीपरनेच लावली. पण आपल्या गटात टोरवाल्ड्स नाही, हे लक्षात ठेवून आपण ठरवायचे.

कर्नेलचाच दाखला आणखी एका कारणासाठी देतो. इतक्या लोकांच्या त्या प्रकल्पात काय समाईक आहे ते पाहण्यासारखे आहे. कर्नेल बांधण्यासाठी कंपायलर, मेक आणि इतर साधनांच्या किमान आवृत्त्या कोणत्या, याची यादी त्याच्या दस्तऐवजांत आहे. कोडची शैली कशी असावी, अगदी टॅब आठ अक्षरांचा असावा इथपर्यंत लिहिलेले आहे. एडिटर कोणता, याची सक्ती कुठेही नाही. उलट, आपल्या एडिटरच्या सेटिंगच्या खास ओळी सोर्स फाइलमध्ये घालू नयेत, असे शैलीच्या नियमांत बजावले आहे, कारण एकाची आवड दुसऱ्याच्या पडद्यावर लादली जाऊ नये. फायरफॉक्सने दुसऱ्या टोकाने विचार केला आहे. तिथे 'माक बूटस्ट्रॅप' ही एक कमांड दिली की आवश्यक साधने ती स्वतःच गोळा करते, मशीन विंडोज असो, मॅक असो की लिनक्स. त्या एका कमांडमागे अनेकांचे कष्ट आहेत, पण नवख्याला ते दिसत नाहीत, आणि दिसूही नयेत.

तुमच्यासाठी यातून काय घ्यावे? माझ्या मते समाईक असाव्यात त्या चार गोष्टी: पायथनची ठरलेली आवृत्ती, लॉक फाइल, कोडचे रूप ठरवणारा फॉर्मॅटर, आणि चाचण्या चालवणारी एक कमांड. ती कमांड पायथनमध्येच लिहा. अशा कामासाठी वापरला जाणारा मेक विंडोजवर सहसा नसतो आणि पहिल्याच पायरीला नवा माणूस अडखळतो. टॅब, एन्कोडिंग आणि ओळींचे शेवट यांसाठी 'एडिटरकॉन्फिग' फाइल ठेवा. बहुतेक सर्व एडिटर ती थेट किंवा प्लगइनमधून वाचतात, ईमॅक्ससुद्धा. अंतिम निवाडा मात्र कोणाच्याही लॅपटॉपवर नको. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी गिटहबची नेहमीची चाचणी-मशीने विनामूल्य आहेत आणि त्यांत विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही आहेत. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल सामावून घेण्याच्या विनंतीवर) तिन्हीकडे चाचण्या चालवा. 'माझ्या मशीनवर तर चालते' हे वाक्य त्यानंतर वाद म्हणून उरत नाही, फक्त माहिती म्हणून उरते.

कंटेनर ठेवायचाच असेल तर तो ऐच्छिक ठेवा, पण मग त्याचीही चाचणी आठवड्यातून एकदा आपोआप होऊ द्या. कोणीच वापरत नसलेला कंटेनर दोन-तीन महिन्यांत सडतो, आणि सडलेला सेटअप नसलेल्या सेटअपपेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस दिवस घालवतो. मी स्वतः एका प्रकल्पात अशा कंटेनरशी एक अख्खा रविवार झुंजलो होतो. संध्याकाळी कळले की तो वर्षभर कोणी उघडलेलाच नाही. सगळे जण थेट मशीनवर काम करत होते आणि रीडमी (प्रकल्पाची सूचना-फाइल) बदलायचे राहून गेले होते.

एडिटरच्या बाबतीत मी तुम्हाला एक तडजोड सुचवतो, जी इतर लहान गटांनाही लागू पडेल. परवानगी सगळ्या एडिटरांना द्या, मदत मात्र एकाचीच जाहीर करा. मार्गदर्शक पानावर स्पष्ट लिहा की नव्याने येणाऱ्याने व्हीएस कोड घेतला तर पडद्याच्या चित्रांसह पायऱ्या मिळतील आणि अडल्यास गट मदत करेल. दुसरा एडिटर घेणाऱ्याने आपले आपण निस्तरायचे आहे. यामुळे विद्यार्थ्याला 'काय घेऊ?' हा प्रश्नच पडत नाही आणि ज्येष्ठांना आपले घर सोडावे लागत नाही. त्या ज्येष्ठ सदस्याला फोन करा, संदेश पाठवू नका. 'तुम्हाला राहावेच लागेल' असा आग्रह धरण्याऐवजी ईमॅक्ससाठीचे अर्धे पान लिहून द्याल का, एवढेच विचारा. वीस वर्षांची वहिवाट असलेल्या माणसाला आपली रीत सोडायला सांगणे आणि आपली रीत दुसऱ्याला दाखवायला सांगणे यांत मोठे अंतर आहे. 'मग मी थांबतो' असे लिहिणारा माणूस अनेकदा आपल्याला कोणी विचारले नाही, एवढेच सांगत असतो. तरीही ते गेलेच, तर ते एडिटरमुळे गेले असे स्वतःला समजावू नका; मूळ कारण दुसरे असेल.

याच्या उलट बाजूही आहे, ती सांगायला हवी. काही कामांत साधनाची निवड आपल्या हातात फारशी नसते. पुढेमागे तुम्ही तपासनिसाचे आयफोनसाठी अ‍ॅप केले, तर एक्सकोड आणि मॅक यांना पर्याय शोधण्यात वेळ दवडू नका. अँड्रॉइडसाठी अँड्रॉइड स्टुडिओ जवळपास गृहीतच असतो, जरी बिल्ड ग्रेडलमार्फत कमांड लाइनवरूनही होते. तिथे सक्ती नाइलाजाची असते. तुमच्याकडे आज तसा नाइलाज नाही.

मतदानाबद्दल मला शंका आहे, आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. अकरा जणांपैकी प्रत्येकाकडे आज कसाबसा का होईना, चालणारा सेटअप आहे. ज्या एका व्यक्तीकडे तो नव्हता, ती निघून गेली आणि तिला मत नाही. बहुमताने ठरवाल तर आत असलेल्यांच्या सोयीचे ठरेल. त्याऐवजी मतदान दोन आठवडे पुढे ढकला आणि मधल्या एका शनिवारी एक प्रयोग करा. चार जीबीच्या लॅपटॉपवाल्या विद्यार्थ्यांपैकी एकाला विनंती करा की त्याने आपल्या मशीनवर प्रकल्प कधीही न पाहिलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला बसवावे. समोर फक्त रीडमी. तुम्ही मागे वही घेऊन बसा आणि तोंडाला कुलूप लावा. हे जमायला फार कठीण जाते, आधीच सांगून ठेवतो. क्लोन केल्यापासून (प्रकल्पाची प्रत उतरवल्यापासून) पहिली चाचणी पास होईपर्यंत किती मिनिटे गेली, कोणत्या ओळीपाशी हात थांबला, ब्राउझरमध्ये काय शोधावे लागले, हे सगळे लिहा. मग तेच दुसऱ्या नवख्याबरोबर कंटेनरने करून पाहा. त्या वहीची दोन पाने गटासमोर ठेवल्यावर मतदानाची गरज कदाचित उरणारच नाही.

आणि शक्य असेल तर त्या निघून गेलेल्या विद्यार्थिनीला दोन ओळी लिहा. तिला परत बोलवण्यासाठी नव्हे. ती नेमकी कुठे अडली एवढेच विचारण्यासाठी. तुमच्या रीडमीतला सर्वांत मोठा खड्डा तिला ठाऊक आहे.

शेवटी कामाची एक गोष्ट, जी राहून गेली तर माझ्या सल्ल्याने तुमचे नुकसान होईल. 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल घातल्यावर जुन्या फाइलींच्या ओळी एकदा नव्याने प्रमाणित कराव्या लागतात. गिटमध्ये त्यासाठी 'रीनॉर्मलाइझ' हा पर्याय आहे. त्या एका कमिटमध्ये शब्दयादीची प्रत्येक ओळ बदललेली दिसेल. तेव्हा आधी सगळ्या उघड्या पुल रिक्वेस्ट मिटवा, गटाला आदल्या दिवशी कळवा, तो कमिट एकटाच करा, त्यात दुसरी कोणतीही दुरुस्ती मिसळू नका, आणि 'ब्लेम'मध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या कमांडमध्ये) दुर्लक्षित करायच्या कमिटांच्या यादीत त्याचा क्रमांक घाला, म्हणजे कोणता शब्द कोणी आणि का आणला हा शब्दयादीचा इतिहास तुमच्या एकटीच्या नावावर जमा होणार नाही.